काडी कापू नका, आधी पत्रा खरवडा

या वेळी टपालातली बहुतेक पत्रं गाडीवरच्या सीबी रेडिओची, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायच्या वायरलेस सेटची आहेत. आषाढी जवळ आली की असं होतंच. दिंडीच्या गाड्या निघायला पंधरा दिवस उरले की सगळ्यांना आपापल्या एरियलची आठवण येते. पहिलं पत्र सविस्तर घेतोय, कारण लिहिणाऱ्याने आकडे दिलेत. "रेंज येत नाही, काय करू" असं लिहिणारे खूप, आकडे देणारा एखादाच.

प्रश्न: काका, सप्रेम नमस्कार. आमच्या दिंडीबरोबर दोन गाड्या असतात, सामानाचा टेम्पो आणि पाण्याचा टँकर. वाखरीला पोचेपर्यंत गर्दीत मोबाईल लागेनासा होतो, म्हणून दोन्ही गाड्यांत सीबी सेट बसवले. टेम्पोच्या केबिनच्या टपावर चुंबकाच्या बुडाचं एरियल आहे, खाली कॉइल आणि वर काडी, सगळं मिळून मीटरभर. केबल पुरेना म्हणून घरातली डिशची केबल तीन मीटर जोडून घेतली. एसडब्ल्यूआर मीटर (सेटची किती ताकद एरियलकडून परत फिरते ते दाखवणारा, आकडा 1 च्या जितका जवळ तितकं बरं) उसना आणला. पहिल्या दिवशी चॅनल 1 वर 2.6 आणि चॅनल 27 वर 2.1 आलं. एका मेकॅनिकने सांगितलं, काडी लांब आहे, कापा. चार सेंटिमीटर कापली. आता चॅनल 1 वर 4 आणि 27 वर 3.2 दाखवतंय. टँकरला केबिनच्या मागे चासीवर ब्रॅकेट ठोकून दुसरं एरियल लावलंय. तिथे तर कुठल्याही चॅनलवर काटा साडेतीनच्या खाली येत नाही. मापं आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेतली. अजून किती कापू? (एक वाचक, बाळे)

उत्तर: एक मिलिमीटरसुद्धा नाही. करवत आधी शेजाऱ्याकडे ठेवून या.

तुम्ही 1 आणि 27 वर मोजलंत, 40 वर नाही, हे पाहून बरं वाटलं. बाजारातल्या सेटवर चाळीस चॅनल असतात, कारण ती वाटणी अमेरिकेची आहे, 26.965 ते 27.405 मेगाहर्ट्झ. आपल्याकडे 2005 पासून विनापरवाना मोकळा आहे तो 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि तोही 5 वॅटपर्यंत. चॅनल 27 म्हणजे 27.275, तो आत बसतो. चॅनल 28 म्हणजे 27.285, तो बाहेर गेला. म्हणून आपलं मोजमाप 1 आणि 27 वर करायचं आणि जुळवणी, म्हणजे काटा सगळ्यात खाली येतो ती जागा, 13-14 च्या आसपास आणायची. परदेशी माहितीपत्रकात 1 आणि 40 वर मोजा, 19-20 ला मधोमध धरा असं लिहिलेलं असतं. ते त्यांच्या रस्त्यांसाठी.

आता तुमचे आकडे. खालच्या चॅनलवर एसडब्ल्यूआर जास्त आणि वरच्या चॅनलवर कमी, याचा अर्थ काडी आखूड आहे. उलट असेल तर लांब. तुमचं पहिल्या दिवशीचं माप 2.6 आणि 2.1, म्हणजे काडी तेव्हाच आखूड होती. ती अजून कापली, म्हणून दोन्ही आकडे चढले. मेकॅनिकला दोष देत बसू नका, तो बिचारा चॅनल 1 वरचा एकच आकडा बघून बोलला असणार. एका आकड्यावरून एरियल लांब की आखूड हे कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. दोन टोकांचे आकडे लागतात.

चार सेंटिमीटर म्हणजे किती, याचा अंदाज पुष्कळांना नसतो. या पट्ट्यात लहरीची लांबी साधारण 11 मीटर, तिचा पाव भाग पावणेतीन मीटर. पूर्ण पाव लहरीची काडी प्रत्यक्षात 2.6 मीटरच्या जवळपास येते. एवढी उंच काडी गाडीवर कोण लावणार? म्हणून बुडाशी कॉइल घालून ती मीटरभर करतात. अशा आखूड एरियलमध्ये काडी एक सेंटिमीटर कमी-जास्त केली की जुळणीची जागा शंभर-दीडशे किलोहर्ट्झ सरकते. आणि आपला अख्खा पट्टा आहे 326 किलोहर्ट्झचा! चार सेंटिमीटरमध्ये तुम्ही पट्ट्याच्या पार पलीकडे जाऊन पोचलात. म्हणून कापायचंच झालं तर एका वेळी तीन-चार मिलिमीटर, तेही करवतीने नाही, कानशीने. आणि त्याआधी बुडाशी जो ग्रब स्क्रू असतो तो ॲलन कीने सैल करून काडी खालीवर सरकवून बघायची. पुष्कळ एरियलला आत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जागा असते. त्यासाठीच ती दिलेली असते.

आता ही काडी दुरुस्त कशी करायची. आधी तो स्क्रू सैल करून काडी जेवढी वर ओढता येईल तेवढी ओढा, पण पकडीत किमान एक सेंटिमीटर राहू द्या. एवढ्याने चार सेंटिमीटर भरून येणार नाहीत. मग फॅब्रिकेशनवाल्याकडे जा, स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगला वापरतात ती मीटरभर लांबीची सरळ तार मागा, पकडीत बसेल त्या जाडीची. जुन्या न कापलेल्या काडीपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर जास्त लांब ठेवून सुरुवात करा आणि कानशीने खाली या. फांदीला लागली तर ही तार वाकते, पण हाताने सरळही होते. वरच्या टोकाला एखादा मणी किंवा गोल टोपी चिकटवा. दिंडीत गाडीच्या आजूबाजूला माणसं असतात, उघडं टोक डोळ्याच्या उंचीला नको.

पण हे सगळं नंतर. तुम्ही घेतलेल्या मापांवर माझा अजून विश्वास नाही, त्याला दोन कारणं आहेत.

एक, डिशची केबल. सीबीचा सेट आणि एरियल 50 ओहमचे, डिशची केबल 75 ओहमची. तेवढ्यानेच एसडब्ल्यूआर सव्वादोनपर्यंत बिघडू शकतो. त्याहून वाईट म्हणजे तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर कथिलाचा डाग बसतच नाही. तुम्ही जोड नुसता पिळून वर टेप गुंडाळली असणार. बरोबर ना? खड्ड्यातून गाडी गेली की तो जोड सुटतो-लागतो आणि तुम्ही काडी कापत बसता. अख्खी केबल एकसंध आरजी-58 ची टाका, ती 50 ओहमची असते, तांब्याच्या जाळीची. दोन्ही टोकांना नीट डाग द्या. पीएल-259 प्लगला जाळीचा डाग देताना सोल्डरिंग गन कमी वॅटची असेल तर आतलं प्लास्टिक वितळतं आणि जाळी मधल्या तारेला चिकटते. घाई न करता मोठी गन वापरा आणि थंड झाल्यावर मल्टीमीटरने बघा: मधली तार आणि बाहेरची कवची यांच्यात बीप वाजता कामा नये. हे एरियल न जोडता बघायचं, कारण काही एरियलची कॉइलच आत अर्थिंगला जोडलेली असते आणि ती लावली की बीप वाजतेच. ती बिघाडाची खूण नाही.

दुसरं, शेड. इथे माझीच फजिती सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी एका मित्राच्या जीपवर एरियल बसवलं. मे महिना, बेचाळीस डिग्री, अंगणात उभं राहवेना, म्हणून पत्र्याच्या पोर्चमध्ये जीप घेऊन मापं घेतली. काडी लांब दिसली. कापली. अजून लांब दिसली, अजून कापली. सहा सेंटिमीटर गेल्यावर काटा झकास 1.2 वर आला. जीप होटगी रोडला मोकळ्यावर नेली आणि काटा तीनच्या वर. डोक्यावर पत्रा असला की काडी आहे त्यापेक्षा लांब भासते, हे मला चौतीस वर्षं वायरलेस दुरुस्त करून माहीत होतं. उन्हाने विसरायला लावलं, दुसरं काय. त्या मित्राने तो सहा सेंटिमीटरचा तुकडा जपून ठेवलाय. मी चहाला गेलो की बशीत घालून समोर आणतो.

तुमची काडी शेडमध्येसुद्धा आखूड दिसली, म्हणजे मोकळ्यावर ती त्याहून आखूड निघणार. तेव्हा गाडी बाहेर काढा. बाळ्याच्या पुढे पुणे रस्त्याला लागून मोकळं रान भरपूर आहे. वर विजेची लाइन नको, जवळ टपरी नको, दुसरी गाडी दहा-पंधरा मीटर लांब. दारं-खिडक्या बंद, बोनेट बंद. मीटर सेटच्या मागे छोट्या तुकड्याने जोडा, माइकचं बटण दाबणाऱ्याशिवाय कोणी गाडीला टेकून उभं राहू नका. आधी ऐका, चॅनल मोकळा आहे ना. मग बटण दाबून, न बोलता, मीटर फॉरवर्डवर ठेवून काटा खुणेवर आणा. लगेच दुसऱ्या बाजूला फिरवून आकडा वाचा, बटण सोडा. चॅनल बदलला की खुणेवर परत आणायचं. हे बरेच जण विसरतात आणि मग आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तिनाच्या वर दाखवत असेल तर बटण दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, सेटमधला शेवटचा ट्रान्झिस्टर तापतो.

आणि टेम्पो रिकामा घेऊन जाऊ नका. दिंडीची पातेली, शेगड्या, पत्र्याच्या पेट्या हौद्यात जशा रचणार तशा रचून न्या. केबिनच्या टपावरची काडी आणि मागची पातेल्यांची चळत यांच्यात अंतर कमी असेल तर जुळणी बदलते. सोलापुरात रिकाम्या गाडीवर 1.3 आणि मोहोळला सामान भरल्यावर 2.5, असं होऊ नये. चुंबकाचं बूड टपाच्या मधोमध ठेवा, खालचा पत्रा ओल्या फडक्याने पुसून. धूळ अडकली की रंगही जातो आणि पकडही. चुंबकाला पत्र्याशी तारेने जोडावं लागत नाही, बुडाची चकती आणि टपाचा पत्रा यांच्यामधून लहरींचं काम भागतं. पण त्यासाठी खाली लोखंडी पत्रा हवा. फायबरच्या टपावर चुंबक चिकटणार नाही, आणि चिकटवलं तरी उपयोग नाही.

आता टँकर. तिथली गोष्ट निराळी आहे आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य सगळं सांगतं: कुठल्याही चॅनलवर साडेतीनच्या खाली येत नाही. काडीच्या लांबीचा दोष असता तर एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असा उतार दिसला असता. सगळीकडे सारखंच वाईट असेल तर काडीकडे बघायचंच नाही, अर्थिंग बघायचं, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेला जोड. एरियल म्हणजे नुसती काडी नव्हे, तिचा दुसरा अर्धा भाग गाडीचा पत्रा असतो. तुमच्या ब्रॅकेटखाली रंगाचे थर असणार, दरवर्षी दिंडीआधी टँकर रंगवता ना! म्हणजे निम्मं एरियल जोडलेलंच नाही. ब्रॅकेट काढा, बोल्टच्या जागी पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत खरवडा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर पहिल्या पावसात गंज. मल्टीमीटरचं एक टोक ब्रॅकेटला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, बीप वाजलीच पाहिजे. पण बीप वाजली म्हणजे काम झालं असंही समजू नका. बीप एका बारीक तारेनेसुद्धा वाजते. या कामाला रुंद, आखूड जोड लागतो. टँकरची केबिन रबराच्या बुशांवर बसलेली असते, तेव्हा केबिन आणि चासी यांच्यात तांब्याची विणलेली पट्टी टाका, बॅटरीच्या अर्थला असते तसली, हातभरापेक्षा लांब नको.

एवढं करूनही दोनच्या खाली आलं नाही तर जागा बदला. केबिनच्या मागे काडी उभी केली की तिच्या पाठीशी पाण्याच्या टाकीची लोखंडी भिंत येते आणि कॉइल तर पूर्ण तिच्या आडोशाला. कॉइल टाकीच्या वर दिसली पाहिजे. केबिनच्या टपाच्या कडेला क्लॅम्प लावून वर घ्या. आरशाच्या दांडीला लावू नका, ती दाराच्या बिजागरीवर असते आणि बिजागरीत ग्रीस. टपावर घेतलीत तर एकूण उंची टेपने मोजून ड्रायव्हरच्या समोर लिहून चिकटवा. गावातल्या विजेच्या तारा कुठे किती लोंबतात याचा नेम नाही. गावात शिरण्याआधी काडी खाली घ्या, आणि तारेखाली उभं राहून कोणीही ती वर करू नका.

किती आला म्हणजे पुरे? दीडच्या आसपास आला की मीटर परत करा. 1.5 ला फक्त 4 टक्के ताकद परत फिरते, 2 ला 11, 3 ला 25. आणि हेही ऐकून ठेवा: पाव ताकद परत फिरली तरी पलीकडच्या गाडीत ऐकणाऱ्याला फरक जेमतेम कळतो. काळजी असते ती सेटच्या तब्येतीची. टँकरचा आवाज टेम्पोत येत नसेल तर त्याचं कारण 3.5 हा आकडा नाही, तो आकडा ज्यामुळे आला ती सुटलेली अर्थ आहे.

प्रश्न: माझ्या गाडीवर एसडब्ल्यूआर 1.1 आहे, सगळ्या चॅनलवर. तरी तीनशे मीटरवरचा मित्रही नीट ऐकू येत नाही. एवढं चांगलं मॅचिंग असून असं का? (एक वाचक, विजापूर नाका)

उत्तर: सगळ्या चॅनलवर 1.1 वाचूनच मला शंका आली. छोट्या कॉइलवाल्या एरियलचा आकडा दोन टोकांना थोडा तरी हलतो. तुमचा हलतच नाही. 50 ओहमचा एक रेझिस्टर मीटरच्या मागे जोडा, कुठल्याही चॅनलवर 1.0 दाखवेल आणि आवाज फाटकापर्यंतही जाणार नाही. रेझिस्टर फक्त गरम होईल. मीटर एवढंच सांगतो की ताकद परत आली नाही. ती हवेत गेली की वाटेत जिरली, हे त्याला दिसत नाही. पूर्ण पाव लहरीची काडी उत्तम पत्र्यावर लावली तर हिशेबाने 36 ओहम येतात, म्हणजे एसडब्ल्यूआर 1.4 च्या घरात. चांगल्या एरियलचा आकडा तसाही अगदी 1.1 येईलच असं नाही.

परीक्षा सोपी आहे. केबलचं एरियलकडचं टोक काढून मोकळं सोडा आणि सेकंदभर, अगदी सेकंदभरच, बटण दाबून काटा बघा. मीटरने ओरडायला हवं, म्हणजे काटा पार टोकाला जायला हवा. तरीही दीड-दोन दाखवत असेल तर केबलच ताकद खाते आहे. बहुधा कनेक्टरमधून पाणी शिरून जाळी काळी पडली आहे. टोकाकडचा वीतभर भाग सोलून बघा, तांबं लाल आहे की काळं. काळं असेल तर फेका, पुसून चालत नाही.

मीटर ओरडला तर केबल ठीक, मग कानाकडे वळा. तुम्ही "ऐकू येत नाही" लिहिलंय, "त्याला ऐकू जात नाही" असं लिहिलेलं नाही. इंजिन बंद करा, लायटरच्या सॉकेटमधला मोबाईलचा चार्जर उपटा आणि मग ऐका. स्वस्तातले चार्जर या पट्ट्यात एवढी खरखर सोडतात की तीनशे मीटरवरचा माणूसही त्यात बुडतो. माझ्याकडे रेंजची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत कितीदा तरी दोष एरियलमध्ये नसून चार्जरमध्ये निघालाय. मी आता गाडीत शिरलो की आधी तोच काढतो, मालक विचारतो, "का हो, फोन चार्ज होऊ दे की!"

प्रश्न: केबल बरोबर 18 फूटच हवी असं सांगतात. माझी 9 फुटांत भागते. उरलेली गुंडाळून सीटखाली ठेवू का? (एक विद्यार्थी, सात रस्ता)

उत्तर: नको. 9 फुटांत भागत असेल तर 9 फूट वापर. एरियल जुळलेलं असेल तर केबलच्या लांबीने मीटरचा आकडा बदलत नाही. बदलत असेल तर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट वाहतो आहे, म्हणजे पुन्हा अर्थ कच्ची. 18 फुटांनी आकडा सुधारतो, दोष तसाच राहतो. उरलेली केबल ठेवावीच लागली तर मोठे सैल वेढे घाल, घट्ट गुंडी करू नकोस. सोलापूरच्या उन्हात सीटखाली आणि डॅशबोर्डमागे केबल मऊ पडते, आणि घट्ट वळणावर मधली तार हळूहळू जाळीकडे सरकत जाते. दोन उन्हाळ्यांत शॉर्ट.

प्रश्न: आमच्या ह्यांनी गाडीवर काडी लावली आहे. सोसायटीच्या गेटची कमान लागते म्हणून ती वाकवून कॅरियरला दोरीने बांधून ठेवतात आणि तशीच बांधलेली असताना बोलतातही. काही बिघडेल का? मी सांगून थकले, तुमचं ऐकतील. (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: वहिनी, बांधून ठेवायला हरकत नाही, ट्रकवालेही तसंच करतात. ऐकायलाही हरकत नाही. पण बांधलेली असताना बटण दाबू नये. टपाला समांतर वाकलेली काडी म्हणजे जुळणी पार बिघडलेली, एसडब्ल्यूआर तिनाच्या वर सहज जातो आणि सेट तापतो. शिवाय टोक माणसाच्या हाताला लागेल एवढं खाली येतं, आणि बोलताना टोकाला हात लागला तर चटका बसतो, 5 वॅटमध्येसुद्धा. त्यांना म्हणावं, गेट ओलांडलं की उतरून दोरी सोडा, मग बोला. उतरायचा कंटाळा असेल तर बुडाशी बिजागरी असलेला माउंट मिळतो, तो घ्या. आणि दोरी सुताची किंवा नायलॉनची असू दे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला दाट संशय आहे की त्यांनी बाइंडिंगची तार वापरली असणार.